कायावाचामने : मराठी समीक्षेने केलेली कृतीची उपेक्षा

१

काही महिन्यांपूर्वी एका प्रबंधाच्या मौखिक परीक्षेला बहिःस्थ परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. विषय होता विदर्भातील कादंबरीतून घडणारे 'स्त्रीमनाचे दर्शन'. प्रबंध नेटका होता. प्रकरणे ठरावीक होती : स्त्रीमनाची व्यथा, स्त्रीमनाची घुसमट, स्त्रीमनाचा विद्रोह. मी विचारले, "उद्धव शेळके यांच्या 'धग'मधली कौतिक दिवसभर काय करते?" उमेदवार क्षणभर थांबली आणि म्हणाली, "राबते, मॅडम. पण ते कथानकात येतं. मनाच्या प्रकरणात ते कसं घ्यायचं?"

उत्तर प्रामाणिक होते, आणि म्हणूनच अस्वस्थ करणारे होते. दोष त्या मुलीचा नव्हता. तिला शिकविणाऱ्या, तिच्या विषयाला मान्यता देणाऱ्या आणि तसलेच प्रबंध स्वतः लिहून पदव्या मिळविलेल्या आम्हा सर्वांचा होता. प्रस्तुत लेखिकेने स्वतः वर्गात वर्षानुवर्षे 'पात्राचे अंतरंग उलगडा' असा प्रश्न घातला आहे. 'पात्र काय करते आणि ते करणे म्हणजे काय, हे सांगा' असा प्रश्न घातल्याचे मात्र आठवत नाही.

या लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे. मराठी समीक्षेने मन, शरीर आणि कृती यांच्या संबंधाविषयीचे एक विशिष्ट तत्त्वज्ञान, ते तत्त्वज्ञान आहे याची जाणीव न ठेवता, स्वीकारले आहे. त्यानुसार मन हे आतले, खरे आणि मूल्यवान. शरीर हे बाहेरचे आणि केवळ वाहक. कृती ही आतल्या घटनेची बाहेर पडलेली सावली. हे तत्त्वज्ञान तर्कदृष्ट्या दुबळे आहे, आपल्या भाषेच्या स्वभावाला परके आहे, आणि त्याच्या आहारी गेल्याने आपल्या साहित्यातील व इतिहासातील काही सर्वांत मोठ्या गोष्टी आपल्याला नीट वाचताच येईनाशा झाल्या आहेत. यांतील तिसरा आरोप सर्वांत गंभीर आहे, आणि तो सिद्ध करण्यासाठी नागपूरच्या बाहेर जाण्याचीही गरज नाही.

२

प्रथम 'मन' या शब्दाकडे पाहू. शब्द जुना आहे. समीक्षेत आपण तो ज्या अर्थाने वापरतो तो अर्थ मात्र तितका जुना नाही. सांख्यांच्या मांडणीत मूलभूत भेदरेषा मन आणि शरीर यांच्यामध्ये नाही. ती पुरुष आणि प्रकृती यांच्यामध्ये आहे, आणि मन, बुद्धी व अहंकार ही तिन्ही त्या रेषेच्या अलीकडे, म्हणजे शरीराच्याच बाजूला, प्रकृतीचे विकार म्हणून उभी आहेत. न्याय-वैशेषिकांना मन हे अणुपरिमाणाचे एक द्रव्य, आतले एक इंद्रिय वाटते. बौद्ध विचारात ते सहावे इंद्रिय आहे. कर्म तेथे चेतनेवरून ओळखले जाते आणि काया, वाचा, मन या तिन्ही द्वारांनी घडते. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. माणूस शरीराने, वाणीने किंवा मनाने जे काही आरंभितो त्याला ही पाचही कारणे लागतात, असे तेथे म्हटले आहे. १२९० मध्ये ज्ञानदेवांनी याच जागेवर विस्ताराने भाष्य केले. म्हणजे मराठी गद्यपद्याच्या अगदी आरंभीच, कृती ही एकट्या मनाची निर्मिती नव्हे, ती अनेक कारणांच्या एकत्र येण्याने घडते, हा विचार मराठीत आला होता.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. प्राचीनांनी सर्व प्रश्न सोडविले होते, असा दावा येथे मुळीच नाही. सांख्यांचा पुरुष अकर्ता आहे, आणि अकर्त्याला अनुभव कसा येतो हा प्रश्न त्यांना सुटलेला नाही. गीतेतील कर्म स्वधर्माला, आणि स्वधर्म वर्णाला बांधलेला आहे. ती बांधणी किती जीवघेणी होती हे ज्यांच्या पिढ्यांनी भोगले त्यांच्यासमोर गीतेच्या कर्ममीमांसेचा उदोउदो करणे औचित्याला धरून होणार नाही. मुद्दा एवढाच की 'मन विरुद्ध शरीर' हे द्वंद्व आपल्या परंपरेने आपल्यावर लादलेले नाही. ते आपण दुसरीकडून आणले, आणि आणताना त्यासोबतची शंका मात्र तिथेच ठेवून आलो.

ती शंका जुनीच आहे. देकार्तने १६४१ मध्ये विचार करणारे द्रव्य आणि जागा व्यापणारे द्रव्य असे दोन भाग पाडले. दोनच वर्षांनी, मे १६४३ मध्ये, बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने पत्र लिहून त्याला विचारले की, जो आत्मा जागा व्यापत नाही तो शरीराला ढकलतो तरी कसा? देकार्तची उत्तरे तिला पटली नाहीत, आणि तत्त्वज्ञानालाही ती आजवर पुरलेली नाहीत. आपल्या समीक्षेत मात्र हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. इंग्रजी शिक्षणाबरोबर मानसशास्त्र आले, मागाहून मनोविश्लेषण आले, संज्ञाप्रवाह आला. नवकथेने अंतर्मनाच्या व्यापारांना कथेचे केंद्र केले. बोधवादी आणि रंजनवादी कथेच्या तुलनेत ती प्रगती होती, हे मान्य केलेच पाहिजे. गंगाधर गाडगीळांच्या पिढीने जे कमावले ते कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु एका पिढीचे लेखनतंत्र हे पुढच्या पिढ्यांच्या समीक्षेचे तत्त्वज्ञान होऊन बसले, आणि तेथे घात झाला.

मर्ढेकरांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) मधील सिद्धान्तकार मर्ढेकर साहित्याचे माध्यम भावनात्मक अर्थात शोधतात आणि त्याची रचना संवाद, विरोध व समतोल या लयतत्त्वांनी समजावून घेतात. पण 'काही कविता' (१९४७) लिहिणाऱ्या कवी मर्ढेकरांकडे पाहावे : तेथे शरीर, यंत्र आणि शहर एकमेकांत असे घुसले आहेत की भावना कोठे संपते आणि हाडामांसाचे जगणे कोठे सुरू होते हे सांगता येत नाही. कवीला जे दिसले ते सिद्धान्तकाराच्या चौकटीत मावले नाही. आपण अभ्यासक्रमात दोघांनाही नेमले. त्यांच्यातील हा झगडा मात्र नेमायचा विसरलो.

३

आता तर्काकडे वळू. कृती ही आतल्या मनोघटनेची बाहेर पडलेली खूण, असे मानल्यास काय होते? गिल्बर्ट राइल यांनी १९४९ मध्ये दाखवून दिलेली अडचण आजही तशीच उभी आहे. शहाणपणाने केलेल्या प्रत्येक कृतीआधी शहाणपणाचा एक मनोव्यापार घडावा लागतो असे म्हटले, तर तो मनोव्यापारही एक कृतीच असल्यामुळे त्याच्याआधी आणखी एक लागेल, आणि ही साखळी कधीच थांबणार नाही. भाकरी थापणारी बाई प्रत्येक थापेआधी मनात थापेचा सिद्धान्त मांडत नाही. तिचे जाणणे तिच्या तळहातात आहे. मराठीत याला नेमका शब्द आहे : अंगवळणी पडणे. गुण 'अंगी बाणतो', सवय 'अंगात मुरते', धीर खचला की 'हातपाय गळतात', भीतीने 'पोटात गोळा येतो', आणि निष्ठा सांगायची झाली की आपण 'कायावाचामने' म्हणतो. हा शब्द उच्चारताना कोणाही मराठी माणसाला तीन वेगळ्या खात्यांची बेरीज केल्यासारखे वाटत नाही. एकच माणूस सगळाच्या सगळा एखाद्या गोष्टीत उतरला आहे, एवढेच त्याला म्हणायचे असते. जी भाषा असे बोलते तिची समीक्षा 'अंतरंग' आणि 'बहिरंग' या दोन कप्प्यांत जगू पाहते, ही विसंगती लहान नाही.

विट्गेन्श्टाइनने विचारलेला प्रश्नही याच जातीचा आहे. मी हात वर करते, तेव्हा माझा हात वर जातो. या पहिल्या गोष्टीतून दुसरी वजा केली तर उरते काय? उरते ते 'इच्छा' नावाचे एक आतले चक्र, असे उत्तर आपल्या तोंडावर येते. पण ते चक्र दाखवा म्हटले की आपण गोंधळतो. एलिझाबेथ ॲन्सकम यांनी १९५७ मध्ये या गुंत्यातून एक वाट काढली. हेतू ही कृतीपूर्वीची गुप्त घटना नसते. 'तू हे का करतेस?' या प्रश्नाला ज्या अर्थाने उत्तर देता येते, त्या अर्थाने ती कृती हेतुपूर्वक असते. आणि एकच कृती एका वर्णनाखाली हेतुपूर्वक असते, तर दुसऱ्या वर्णनाखाली नसते. म्हणजे हेतू शोधायचा तर माणसाच्या कवटीत डोकावण्याऐवजी त्याच्या कृतीचे योग्य वर्णन करायला शिकले पाहिजे. आणि कृतीचे योग्य वर्णन करणे हे समीक्षकाचे काम नाही, तर मग कोणाचे?

'धग'कडे (१९६०) या दृष्टीने पाहावे. शीर्षकच शरीराचे आहे : धग मनाला कळण्याआधी अंगाला लागते. कौतिकचे राबणे, नवरा महादेव याचे निष्क्रिय असणे, पुढे त्याला जडलेला महारोग आणि अखेरीस कौतिकचे भ्रमिष्ट होणे, हा या कादंबरीचा मार्ग आहे. आपली समीक्षा या शेवटावर झडप घालते : 'मनाचा तोल ढळला', 'अंतर्मनातील ताण असह्य झाला'. जणू मन नावाचे एक भांडे आतल्या आत तापत होते आणि ते फुटले. पण शेळक्यांनी काय लिहिले आहे? त्यांनी ओळीने कामे लिहिली आहेत. कौतिकची आशा तिच्या कामांहून वेगळी कोठे ठेवलेली नाही. संसार सावरणे म्हणजे काय, हे ती ज्या ज्या कामाला हात घालते त्या त्या कामात आहे. म्हणूनच, ज्या क्षणी कोणतेही काम कशाचेही साधन उरत नाही, त्या क्षणी तिचे मन राहायला जागा उरत नाही. ताणाने मन फुटले, असे हे घडत नाही. कृतीच्या सर्व वाटा बंद झाल्या आणि म्हणून मन विस्कटले. हे दोन अर्थ एक नाहीत. पहिल्या अर्थात कौतिक ही एक दुर्बल मनाची रुग्ण होते. दुसऱ्या अर्थात ती एक कर्ती असते, जिच्याकडून कर्तेपण काढून घेतले गेले. पहिल्या अर्थाने आपल्याला हळहळ वाटते. दुसऱ्या अर्थाने प्रश्न पडतो की ते कोणी आणि कशाने काढून घेतले.

'स्त्रीमन' या शब्दाविषयीची माझी तक्रार येथे स्पष्ट व्हावी. समीक्षेत 'पुरुषमनाचे दर्शन' असे प्रबंध अभावानेच होतात. पुरुषाच्या वाट्याला कर्तृत्व येते, बाईच्या वाट्याला मन. कुमुद पावडे यांच्या 'अंतःस्फोट'चे (१९८१) वाचन पाहावे. शीर्षकातला 'अंतः' आपल्याला इतका सोयीचा वाटतो की त्या पुस्तकातील वेदनेविषयी आपण पानेच्या पाने लिहितो. पण त्या पुस्तकातील संस्कृतविषयीच्या लेखात मध्यवर्ती गोष्ट आहे ती एका दलित मुलीने संस्कृत शिकण्याची आणि शिकविण्याची, म्हणजे एका कृतीची. तीच व्यक्ती, तेच ज्ञान, तीच जीभ, तेच उच्चार. पण सोमकुवर या आडनावाने जी नोकरी मिळाली नाही ती विवाहानंतर पावडे या आडनावाने मिळाली, हे त्यांनी लिहून ठेवले आहे. येथे 'मन' समजावून घेऊन काय हाती लागणार? एकच कृती एका नावाखाली पात्रता ठरते आणि दुसऱ्या नावाखाली आगळीक, हा त्या लेखाचा गाभा आहे. हा कृतिमीमांसेचा प्रश्न आहे. आपण त्याचे भावनेत रूपांतर केले आणि सहानुभूती दाखवून मोकळे झालो.

४

आता नागपूरकडे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी या शहरात जे घडले त्याचे वर्णन आपण कसे करतो? भाषणांतून, पाठ्यपुस्तकांतून, समीक्षालेखांतूनही एक शब्द वारंवार येतो : 'परिवर्तन', आणि त्याच्या मागोमाग 'मनाचे', 'मानसिक', 'हृदयाचे' अशी विशेषणे येतात. लाखो माणसांच्या मनात आधी बदल झाला, आणि दीक्षेच्या विधीने तो केवळ प्रकट झाला, असे हे चित्र आहे. याच्या उलट बाजूने आक्षेप घेणारेही तेच गृहीतक धरून बोलतात : एवढ्या लोकांचे मन एका दिवसात कसे बदलेल? त्यांना बौद्ध तत्त्वज्ञान कितीसे ठाऊक होते? म्हणजे भक्त आणि टीकाकार दोघेही देकार्तच्या एकाच बाकावर बसलेले आहेत. दोघांनाही खरी घटना आत घडायला हवी आहे.

त्या दिवशी झाले काय? बाबासाहेब आंबेडकरांनी महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून त्रिशरण-पंचशील घेतले, आणि नंतर स्वतः जमलेल्या जनसमुदायाला दीक्षा दिली. बावीस प्रतिज्ञा वदवून घेतल्या. लोक उभे राहिले, त्यांनी हात जोडले, त्यांनी उच्चार केला. या प्रतिज्ञांतील क्रियापदे एकदा नुसती क्रियापदे म्हणून वाचावीत. काही मानण्याविषयी आहेत, काही न मानण्याविषयी. काही श्राद्धासारखे विधी न करण्याविषयी, काही चोरी न करण्याविषयी, खोटे न बोलण्याविषयी, दारू न पिण्याविषयी. आणि अखेरच्यांत आपला नवा जन्म होत असल्याचे म्हटले आहे. मानणे, बोलणे आणि करणे यांची येथे वेगवेगळी प्रकरणे पाडलेली नाहीत. काया, वाचा, मन येथे एकाच वाक्यरचनेत, एकाच 'मी'च्या पोटात आहेत. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ मध्ये हार्वर्ड येथे दिलेल्या व्याख्यानांतून हे मांडले की काही वाक्ये घडलेल्या गोष्टीचे वृत्त देत नाहीत, त्यांचा उच्चार हीच ती गोष्ट असते. ती व्याख्याने पुस्तकरूपाने आली १९६२ मध्ये. दरम्यान नागपूरच्या मैदानावर त्याचे उदाहरण घडून गेले होते, आणि मराठी समीक्षेने ते उदाहरण अजून पुरते उघडून पाहिलेले नाही.

आणि 'आधी मन बदलले' असे म्हणायचेच असेल, तर कधी? येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आंबेडकरांनी जाहीर केले होते की हिंदू म्हणून आपण मरणार नाही. त्या घोषणेपासून दीक्षेपर्यंत एकवीस वर्षे गेली. या एकवीस वर्षांत त्यांचा 'हेतू' कोठे होता? तो मनाच्या तळाशी झाकून ठेवलेल्या ठेव्यासारखा नव्हता. १९३६ च्या मुंबईतील परिषदेत, वाचनात, चर्चांत, संस्था उभारण्यात, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या लेखनात तो होता. हेतू असणे म्हणजेच ही सर्व कामे त्या एका दिशेने करीत राहणे. ही कामे वजा करून उरणारा हेतू शोधू गेल्यास हाती काही लागणार नाही. त्याचप्रमाणे दीक्षा घेतलेल्या माणसाचे मन १४ ऑक्टोबरला पूर्ण बदलले की नाही, हा प्रश्नच चुकीच्या जागी विचारलेला आहे. देव्हाऱ्यातले देव काढताना, लग्नाचा विधी बदलताना, मुलाला शाळेत घालताना, पंधरवड्यापूर्वीच्या सवयीने हात जोडले जाऊन पुन्हा खाली येताना ते मन घडत गेले. प्रतिज्ञा ही त्या घडण्याची पहिली कृती होती. आधीच तयार असलेल्या मनाची पावती म्हणून तिच्याकडे पाहता येणार नाही.

२० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणे हेही असेच होते. तहान भागविणे हे त्या कृतीचे एक वर्णन आहे. समतेचा हक्क बजावणे हे दुसरे. पाणी तेच, ओंजळ तीच. 'अस्मितेच्या भावनेची अभिव्यक्ती' असे तिसरे वर्णन आपण करतो तेव्हा त्या कृतीतले पाणी आणि ओंजळ दोन्ही निघून जातात. उरते एक भावना, जिला कोणीही, कोठेही, काहीही न करता बाळगू शकतो. ज्यांना त्या कृतीचे मोल द्यायचे नसते त्यांना हे सोयीचे असते.

५

या प्रतिपादनावर दोन दिशांनी आक्षेप येतील. पहिला नव्या विज्ञानाच्या नावाने. बेंजामिन लिबेट यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, मनगट हलविण्याची इच्छा झाल्याची जाणीव हालचालीपूर्वी सुमारे २०० मिलिसेकंद आढळली, तर मेंदूतील विद्युत्क्रिया त्याच्याही आधी, सुमारे ५५० मिलिसेकंद, सुरू झालेली दिसली. यावरून मन नाही, मेंदूच करतो, असा निष्कर्ष काढून साहित्यातील कर्तृत्व ही भ्रांती ठरविण्याची हौस अधूनमधून दिसते. या निष्कर्षाला विज्ञानाच्या अंगणातही निर्वेध वाट नाही : २०१२ मध्ये शूर्गर आणि सहकाऱ्यांनी दाखविले की ती आधीची विद्युत्क्रिया हा निर्णय नसून मेंदूतील स्वाभाविक चढउतारांचा परिणाम असू शकतो. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, मन काढून त्याच जागी मेंदू बसविल्याने चित्र बदलत नाही. आत एक कर्ता आहे आणि शरीर त्याचे चाकर आहे, हे गृहीतक तसेच राहते. फक्त धन्याचे नाव बदलते. करतो तो माणूस. मनगट विनाकारण हलविण्याचा अर्धा सेकंद हा मानवी कृतीचा नमुना कसा होईल? आपल्यासमोर एकवीस वर्षांची एक कृती असताना मिलिसेकंदांवरून कर्तृत्वाचा निवाडा करणे म्हणजे ठिणगी मोजून गिरणीचे कापड ठरविण्यासारखे आहे.

दुसरा आक्षेप आपल्याच घरातला आहे. गेल्या काही दशकांत 'देह' मराठी समीक्षेत परत आला आहे. 'देहभान', 'देहाची संहिता', 'सत्तेने कोरलेला देह' असे शब्द आता परिषदांच्या निमंत्रणपत्रिकांवरही असतात. मग उपेक्षा कोठे आहे? उत्तर असे की परत आलेला हा देह वाचला जातो, लिहिला जातो, कोरला जातो, पाहिला जातो. तो काही करीत नाही. पूर्वी तो मनाचे वाहन होता, आता सत्तेच्या लेखणीखालचा कागद झाला आहे. दोन्ही वेळा क्रियापद कर्मणी प्रयोगातच राहिले. कौतिक, महाडची ओंजळ आणि दीक्षेच्या मैदानावर उभी राहिलेली माणसे यांना या भाषेत कर्तरी प्रयोग मिळत नाही, तोवर देहाचे हे पुनरागमन अपुरेच म्हटले पाहिजे.

६

तिसरा आक्षेप सौंदर्यवाद्यांचा असेल : हे सर्व सामाजिक बांधिलकीचेच जुने प्रवचन नव्हे काय? साहित्य हे अखेर अनुभवाचे रूप आहे. कृती ही जीवनाची बाब.

याचे उत्तर साहित्यशास्त्राच्या आद्य ग्रंथातच आहे. भरताचे नाट्यशास्त्र अभिनयापासून वेगळे काढता येत नाही. आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक हे अभिनयाचे चार प्रकार. विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून होणारी रसनिष्पत्ती. आणि त्यांत आठ सात्त्विक भाव : स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. घाम आणि आसवे यांना भरत 'भाव' म्हणतो. आणि ते सात्त्विक का? तर सत्त्व हे एकाग्र मनातून उपजते म्हणून. घाम शरीराचा, पण मन एकवटल्याखेरीज तो नटाला येणार नाही. मन आणि शरीर यांची सांधजोड दाखविणारे याहून नेमके स्थळ शोधून सापडणार नाही. अभिनवगुप्ताने रसाचे स्थान सहृदयाच्या आस्वादात नेले. तो विचार सखोल आहे, पण आपण त्याचा निष्कर्ष तेवढा उचलला आणि रंगमंच रिकामा केला. नागपूरचेच सुरेंद्र बारलिंगे यांनी भरताचा रस रंगमंचावर, नाट्याच्या भाषेत आहे, प्रेक्षकाच्या मनातील भावनेत नाही, हे आग्रहाने मांडले. त्यांच्याशी वाद घालता येईल. पण आपण वाद घातला नाही. आपण त्यांना तत्त्वज्ञानाच्या विभागाकडे पाठवून दिले.

शरच्चंद्र मुक्तिबोधांचेही तसेच झाले. 'सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य' या ग्रंथाला १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 'मानुषता' ही संकल्पना त्यांनी साहित्यमूल्य म्हणून मांडली, ती ना निव्वळ सौंदर्यवाद्यांची होती, ना पोथीनिष्ठ मार्क्सवाद्यांची. आम्ही ज्या शहरात शिकवितो त्याच शहरात त्यांनी शिकविले. आणि आम्ही 'मानुषता' या शब्दाचा अर्थ परीक्षेत पाच गुणांच्या टिपेपुरता ठेवला. मुक्तिबोधांचा माणूस सृष्टीत राहतो, तिच्याशी झगडतो, ती बदलतो आणि बदलता बदलता स्वतः बदलतो, असे मी त्यांना वाचते. असा माणूस मध्यभागी ठेवला की सौंदर्य आणि कृती यांचे वैर मानण्याचे कारण राहत नाही.

एक गोष्ट मात्र आक्षेपकांना दिलीच पाहिजे. असे दुःख असते की ज्याची कोणतीही कृती होत नाही. असे ढोंग असते की ज्यात कृती एक सांगते आणि मन दुसरे. त्यांचे काय? पहिल्याविषयी असे की, काही न करता येणे हीही कृतीच्याच परिसरातील अवस्था आहे. ज्याला हात आहेत त्याचेच हात बांधले जातात. दुसऱ्याविषयी असे की, ढोंग उघडे पडते तेही आत डोकावून नव्हे. माणूस दुसऱ्या प्रसंगी, दुसऱ्यांसमोर, कोणी पाहत नसताना काय करतो, यावरून ते उघडे पडते. कादंबरीकार तरी दुसरे काय करतो? तो आपल्याला आणखी एक प्रसंग दाखवतो. तरीही एक अवशेष राहतो, हे मी नाकारीत नाही : वेदना वेदना म्हणून जशी असते, तिचे वर्णन कृतीच्या भाषेत पुरते होत नाही. तो प्रश्न खरा आहे आणि अवघड आहे. पण एक खोली अंधारी आहे म्हणून सगळे घरच अंधारे मानून चालण्याचे कारण नाही.

७

तेव्हा मागणी मोठी नाही. 'मन' हा शब्द समीक्षेतून हद्दपार करा, असे कोणी म्हणत नाही. एवढेच करावे की, 'अंतर्मन', 'मनोविश्व', 'भावविश्व' हे शब्द लिहिण्याआधी समीक्षकाने स्वतःला एक प्रश्न विचारावा : हे पात्र काय करते, कशाने करते, कोणाबरोबर करते, आणि त्या करण्याची किती वर्णने संभवतात? यांतून जे उरेल त्याला खुशाल मन म्हणावे. माझा अंदाज असा आहे की बहुधा फार थोडे उरेल, आणि जे उरेल ते आजच्यापेक्षा अधिक मोलाचे असेल.

त्या मौखिक परीक्षेत उमेदवाराला पदवी मिळाली, आणि ती मिळायलाच हवी होती. बाहेर पडताना मी तिला सांगितले की प्रबंधाचे पुस्तक करशील तेव्हा एक प्रकरण वाढव आणि त्यात कौतिकची कामे फक्त ओळीने लिही. अर्थ लावण्याची घाई करू नकोस. ती म्हणाली, "मॅडम, माझी आजी कापूस वेचायला जायची. ती कामं मला माहीत आहेत. पण ती प्रबंधात चालतात, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं."

आम्हाला कोणी सांगितले नव्हते, ही सबब आमच्या पिढीला पुरली. तिच्या पिढीला ती पुरू नये.